एका बादलीचा कोठा

चैत्र सरला की आमच्याकडं पाणी मोजून येतं.
सहाव्या दिवशी टँकर, घरटी चार घागरी.
यादीत माणसांची नावं असतात,
यादीतल्या गाईला तहान लागत नाही,
ती मन्याडच्या डबक्यावर जाऊन पिऊन येते.

सोजर आत्याचा कोठा म्हणून एका बादलीत चालतो.
पहाटे आधी किटली आतून विसळायची,
ते पाणी फेकायचं नाही.
त्यात कासेचं फडकं पिळायचं. ते फडकं फक्त कासेचं,
त्यानं दुसरं काही पुसलं
तर आत्या दोन दिवस बोलत नाही.
मग त्याच पाण्यात खुरं.
मग जिथं शेण चिकटून बसलंय तेवढीच जागा.
शेवटचा गढूळ तांब्या शेवग्याच्या बुडाला.
शेवगा मात्र भरभरून येतो.

मी चाकणहून आलो तेव्हा
मला हे येड्यासारखं वाटलं.
आठ वर्षं मशिनी धुतल्या होत्या,
पाइप लावला की झालं.
पहिल्याच दिवशी पाइप लावला,
घराची सगळी टाकी कोठ्यात सोडली.
खाली फरशी कुठली, मुरूम तो.
चिखल झाला. तांबडी घसरली, वगार दावं तोडून पळाली,
आन् चौथ्या दिवशी दोघींच्या खुरांना सडका वास.
प्यायच्या घागरी शेजारून मागाव्या लागल्या, ते वेगळंच.

आत्यानं शिव्या दिल्या नाहीत.
चुलीतली राख चाळली,
माझ्या हातात मोरचुदाची पुडी दिली, म्हणाली,
"पाय धर तिचे.
देवाचे धरतूस तसे न्हाई, चोराचे धरतूस तसे."

आणि बरंच वेळानं, खुरांतला चिखल काडीनं काढता काढता,
"धुतलेलं म्हंजे ओलं, लेकरा.
कोरडं ते निर्मळ."

पुढं एकदा डेअरीवर भुजंगनं
आमच्या दुधातला शेपटीचा केस
गाळणीवरून चिमटीत उचलला,
काही न बोलता उजेडात धरला.
मागं अख्खी रांग.
घरी येऊन पहिली कात्री शेपटीच्या गोंड्याला लावली.
तांबडीनं मान वळवून माझ्याकडं
असं पाहिलं की जणू मीच चोर.

तेव्हापासून शिकतोय.
बाटलीत पाणी भरून उतार कसा पाहायचा,
मुरूम कुठं दाबायचा, कुठं उपसायचा,
ओलं चगाळ वेगळं, सुकं वेगळं,
उकिरडा वाऱ्याच्या कोणत्या अंगाला,
शेळ्यांच्या लेंड्या आधी वांग्यांना की आधी मिरचीला
(यावर आमचं अजून भांडण आहे).
दिवेलागणीला लिंबाच्या पाल्याचा धूर,
गोमाशा हटतात, डोळे झोंबतात,
आत्या म्हणते, झोंबू दे.
गोचिडांचं काम कोंबड्यांकडं,
त्या वगारीच्या मांडीवर चढून बसतात
आणि वगार मुकाट बसू देते.

लंपीच्या साली एवढं सगळं करूनही
आमचा गोऱ्हा गेला.
शेजारच्या घाणेरड्या कोठ्यातली दोन्ही वाचली.
ह्याचं उत्तर मला कोणी दिलेलं नाही,
मी डॉक्टरलाही विचारलं.
आत्यानं त्याच्या खुंट्याभोवतीची जागा
महिनाभर रोज झाडली.
तिथं काहीच पडलेलं नसायचं.
खराट्याच्या रेघा तेवढ्या उमटायच्या,
सकाळच्या रेघांवर संध्याकाळच्या.

आता मी कोठ्याच्या तोंडाशीच बाज टाकतो.
रात्री कधीतरी तांबडी उठते,
साखळी वाजते, ती मुतायला लागते.
मी जागा होतो, पडूनच ऐकतो.
धार मुरमावर पडते.
थोडा वेळ कसलाच आवाज नाही.
मग ओघळ नालीला लागतो,
नालीतून पुरलेल्या माठात
टप, टप, टप.

मी कूस बदलतो.
पलीकडून अंधारातून आत्याचा आवाज,
"लागला का रं माठाला?"